रानांतून गेलें, बागेंत राहिलें

एखादी वनस्पति दुर्मीळ आहे असें आपण म्हणतों, तेव्हां ती रानांत मोजक्या ठिकाणीं तरी उगवत असेल असें गृहीत धरतों. आज ज्या झुडपाविषयीं सांगावयाचें आहे, त्यास रानांत असें एकहि ठिकाण उरलेलें नाहीं. त्याचें नांव फ्रँक्लिनिया. बागांतून तें दरवर्षीं फुलतें. परंतु १८०३ नंतर तें रानांत कोणास आढळल्याचें विश्वसनीय प्रमाण नाहीं.

१७६५ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाचे वनस्पतिशोधक जॉन बार्ट्रम व त्यांचे पुत्र विल्यम हे तेव्हां ब्रिटिश वसाहत असलेल्या जॉर्जियांत हिंडत होते. अल्टामाहा नदीच्या काठीं त्यांस हें झुडूप प्रथम दिसलें. विल्यम पुढें पुन्हां तेथें गेले आणि त्याचें बीं त्यांनीं घरच्या बागेसाठीं आणलें. जॉन १७७७ मध्यें वारले. बागेंतलें झुडूप फुललें तें १७८१ सालीं. १७८५ मध्यें हम्फ्री मार्शल यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शास्त्रीय नांवांतील पहिलें पद बार्ट्रम यांचे स्नेही बेंजामिन फ्रँक्लिन यांच्यावरून, तर दुसरें त्या नदीवरून घेतलेलें आहे.

आपण रोज ज्याचीं पानें उकळतों, त्या चहाच्याच कुलांतलें हें झुडूप. मात्र आपल्या प्रजातींत तें एकटेंच आहे. उंची दहा ते वीस फूट. फूल सुमारें तीन इंच रुंद, पांच शुभ्र पाकळ्यांचें व सुगंधी. मध्यें पिवळ्या केसरांचा दाट झुबका. बहर उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन शरद ऋतूंत लांबतो, आणि तोंवर पानें तांबडीं होऊं लागतात. त्यामुळें तांबड्या पानांत पांढरें फूल, असें दृश्य एकाच फांदीवर दिसतें. फळ गोल व कठीण. तें पिकावयास वर्षाहून अधिक काळ लागतो. उकलण्याची त्याची रीतहि निराळी: पांच चिरा वरून पडतात, पांच खालून.

रानांतून तें कशानें गेलें? आग, पूर, संग्राहकांची हांव, कापसाच्या शेतांतून आलेला मुळांचा रोग, असे तर्क अनेक आहेत. सिद्ध एकहि झालेला नाहीं. परंतु विल्यम यांस तें दोन-तीन एकरांच्या जागेंतच विपुल आढळलें होतें, अन्यत्र कोठेंहि नाहीं. इतक्या लहान वस्तीस एकच आपत्ति पुरेशी होते.

आज जगांत जेथें जेथें फ्रँक्लिनिया आहे, तेथें ती बार्ट्रम यांच्या बियांचीच संतति समजली जाते. वंशाचा पाया असा अरुंद. त्यांत पाणी सांचणाऱ्या जमिनींत मुळें लौकर कुजतात. म्हणून तिची जोपासना जपूनच करावी लागते.

विल्यम यांनीं बीं घेतलें तें झाड वांचविण्यासाठीं नव्हे, तर तें सुंदर व नवें वाटलें म्हणून. तेव्हां नदीकाठीं तें मुबलक होतें आणि संकटाची कल्पनाहि कोणास नव्हती. दुर्मीळ वनस्पतीचें बीं राखावयाचें तें असें, ती डोळ्यांसमोर उभी असतांनाच. ती दिसेनाशी झाल्यावर शोध करतां येतो. पेरणी करतां येत नाहीं.