पंच पुरता खाली आला का?

बार्शीटाकळीच्या उन्हाळ्यात घराघराला कूलर लागतो. त्याच्या पत्र्याला घाट देताना प्रेस थोडा कमी उतरला, तर कारागिराला ते लगेच दिसतं. मोटारीच्या दाराचा पत्रा मात्र आधी संगणकावर दाबून बघतात, आणि तिथली चूक रंगीत चित्रात सहज लपते.

पुण्यात टेल्को या वाहन कंपनीनं १९६६ पासून डाय (साचे) आणि टूल घडवण्याची परंपरा उभी केली. तिची १९९८ची इंडिका मोटारही त्याच शहरातली. अशा कामात संगणकावरच्या सिम्युलेशनचा भरवसा पंचाच्या, म्हणजे पत्रा डायमध्ये दाबणाऱ्या भागाच्या, हालचालीवर उभा असतो.

समजा, पंच १०० मिलिमीटर उतरायचा आहे. वेग सेकंदाला २ मीटर, म्हणून वेळ दिली ५० मिलिसेकंद. हिशेब बरोबर वाटतो. पण पंच एकदम वेग घेत नाही, तसा घेतला तर पत्र्यात खोट्या लहरी उठतात. म्हणून पहिल्या ५ मिलिसेकंदांत वेग चढवतात, शेवटच्या ५ मध्ये उतरवतात. आता वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजा: ९० मिलिमीटर! दहा मिलिमीटर कुठे गेले, हे शोधायला पत्र्याच्या गुणधर्मांत डोकं घालण्याची गरजच नाही. वेळ ५५ मिलिसेकंद केली की पंच तळाला टेकतो.

तरीही पत्रा आणि साचा यांच्यात फट राहिली, तर पत्र्याची जाडी तपासावी. संगणकाला पत्रा बहुधा मधल्या पृष्ठभागाच्या रूपात दिलेला असतो, ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यात दोन्ही बाजूंना ०.४ धरायचे राहून जातात. सिम्युलेशनमध्ये खऱ्या प्रेसपेक्षा कित्येक पट जास्त वेग तर मुद्दामच घेतात, गणित लवकर उरकावं म्हणून. अशा वेळी पत्र्याची गतिज ऊर्जा त्याच्या अंतर्गत ऊर्जेच्या तुलनेत अगदी थोडी आहे ना, हे न बघता निकालावर सही करू नये.