आलं आधी, गूळ शेवटी : मसाला चहाचे गैरसमज

गणपतीपुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा आटोपली की पाय आपसूक चहाकडे वळतात. कुठे आल्याचा चहा मिळतो, कुठे गवती चहाची पात घातलेला, कुठे गुळाचा. त्याबरोबर ऐकीव ज्ञानही फुकट मिळतं. त्यातलं खरं किती, ते पाहू.

गैरसमज : मसाला चहा हजारो वर्षांपासून चालत आलेला आहे.
वस्तुस्थिती : जुना आहे तो काढा. सुंठ, मिरी, तुळस उकळून पिण्याची रीत फार पूर्वीची. त्यात चहापूड आली ती खूप उशिरा. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने चहात मसाले उकळून डोकेदुखीवर घेतात, अशी नोंद केली आहे. पण तो औषधापुरता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोचला १८३९ मध्ये. भारतात तो घरोघरी रुजला विसाव्या शतकात. १९०३ मध्ये चहावर बसवलेल्या उपकरातून प्रचाराला पैसा मिळाला आणि कारखाने, रेल्वे स्टेशनं इथे चहा पोचवला गेला.

गैरसमज : गवती चहा हा चहाचाच एक प्रकार.
वस्तुस्थिती : ते गवतच आहे, भात आणि उसाच्या कुळातलं. चहाच्या झुडपाशी त्याचं नातं नाही. पातीला लिंबासारखा वास येतो तो सिट्रलमुळे. नुसती पात उकळून प्यायलात तर कॅफीन अजिबात नाही. चहापूड पडली की ते आलंच.

गैरसमज : आलं किंवा गूळ घातला की दूध फाटणारच.
वस्तुस्थिती : घालण्याची वेळ चुकली तर फाटतं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं विकर असतं. दक्षिण चीनमध्ये याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसाने गरम दूध घट्ट करतात आणि गोड म्हणून खातात. पाण्यात आलं चांगलं उकळलं की हे विकर निकामी होतं. गुळाची गोष्ट उलटी. त्यातल्या आम्लतेमुळे उकळतं दूध फाटू शकतं, म्हणून गूळ गॅस बंद केल्यावर घालावा.

गैरसमज : दाणेदार चहा म्हणजे पत्तीचा उरलेला चुरा.
वस्तुस्थिती : तो मुद्दाम तसा बनवतात. पानं दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून दाणे करण्याची सीटीसी पद्धत १९३० च्या सुमारास आसाममध्ये निघाली. दाण्यांचा अर्क लवकर उतरतो आणि दुधातही टिकून राहतो. म्हणूनच आपल्या चहाला तो मानवतो.

गैरसमज : दूध जास्त घातलं की चहा बाधत नाही.
वस्तुस्थिती : दुधातलं केसिन टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे तुरटपणा कमी होतो. कॅफीन मात्र तेवढंच राहतं. झोप उडत असेल तर दूध वाढवू नका, चहापूड कमी करा.

गैरसमज : मसाला जितका जास्त तितका गुणकारी.
वस्तुस्थिती : कोकणात जायफळ, दालचिनी परसात होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाचं 'कोकण सुगंधा' आणि दालचिनीचं 'कोकण तेज' ही वाणं दिली आहेत. पण परसातलं म्हणून वाटेल तेवढं चालत नाही. जायफळ चिमूटभरच हवं. चमचा-दोन चमचे पोटात गेलं तर मळमळ, छातीत धडधड आणि भ्रमही होऊ शकतो.

गैरसमज : चहाने मुलं काळी होतात.
वस्तुस्थिती : त्वचेचा रंग मेलॅनिनवर ठरतो, चहावर नाही. मुलांना चहा नको, त्याचं कारण कॅफीन. शिवाय जेवणावर लगेच घेतलेला चहा डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागू देत नाही. मोठ्यांनीही तासाभराचं अंतर ठेवावं.

आता दोन कपांचं गणित. दीड कप पाण्यात ठेचलेलं आलं, मोडलेली गवती चहाची पात आणि एक वेलची घालून तीन-चार मिनिटं खळखळ उकळा. दोन लहान चमचे चहापूड टाका, मिनिटभराने पाऊण कप गरम दूध ओता. एक उकळी आली की गॅस बंद करा आणि मगच गूळ विरघळवून गाळा. एवढा क्रम सांभाळला तर गुळाचा चहाही सहसा फाटत नाही.