दुकान पेणला, नवरा स्टुटगार्टला: जर्मनीतल्या अकरा आठवड्यांत दुकानदाराच्या नजरेने काय पाहिलं



जर्मनीच्या व्हिडिओनंतर दोनच प्रश्न सगळ्यात जास्त आले. "तिकडे धंदा कसा करतात?" आणि "तुम्ही नसताना पेणचं दुकान कोणी चालवलं?" दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं पेणला पोहे, पापड, मिरगुंडं आणि मसाल्यांचं दुकान आहे. आठवड्यातून दोन दिवस रोह्याला बचत गटाच्या महिलांचे क्लास घेते. नवरा स्टुटगार्टला इंजिनिअर आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. शिवाय ते शहर ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, त्याच्याशी महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केलाय. त्यामुळे आमच्यासारखी अर्धं घर इकडे, अर्धं तिकडे अशी कुटुंबं पुढे वाढणारच.

व्हिजिटर व्हिसावर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मी जून ते ऑगस्टचा मध्य निवडला. पापडाचा उन्हाळी सीझन संपलेला असतो आणि गणपतीची गर्दी सुरू व्हायची असते.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "एकदा राहून बघ. जमलं तर दुकान आवरून इकडेच ये." त्याच्याकडे ब्लू कार्ड आहे, त्यामुळे बायको म्हणून मला तिकडे राहायची आणि काम करायचीही परवानगी मिळू शकते. म्हणजे नुसतं फिरायचं नव्हतं, दुकान ठेवायचं की नाही ते ठरवायचं होतं.

१) रविवारी शटर खाली

रविवारी सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद. काही तास बेकरी, स्टेशनवरची दुकानं आणि पेट्रोल पंप, एवढंच काय ते उघडं. रविवारच्या सुट्टीला तिथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे. मग शनिवारी संध्याकाळी सगळं गाव पिशव्या घेऊन बाहेर! म्हणजे गिऱ्हाईक कमी होत नाही, ते आपला वार बदलतं.

तुम्ही रविवारी बंद ठेवा असं मी सांगणार नाही. आपल्याकडे रविवारीच अलिबाग आणि कोकणच्या गाड्या थांबतात. पण कुठल्या वारी, कुठल्या तासाला किती विक्री होते हे महिनाभर लिहून काढा. मंगळवारी दुपारी दोन ते चार तुम्ही फक्त पंख्याखाली बसत असाल, तर तो वेळ पॅकिंगला द्या.

२) भाव पाटी सांगते

पाटीवर टॅक्ससकट शेवटची किंमत असते. खाली बारीक अक्षरात एका किलोचा किंवा लिटरचा भाव. त्यामुळे छोटं पाकीट स्वस्त की मोठं, हे विचारावं लागत नाही. बिल द्यायचंच. २०२० मध्ये अगदी एका पावाचंही बिल देणं दुकानदाराला बंधनकारक झालं.

आणि एमआरपी नाही! पाण्याची बाटली सुपरमार्केटमध्ये स्वस्त आणि स्टेशनवर कितीतरी पट महाग. मी सवयीने पाकीट उलटं करून एमआरपी शोधत बसायचे. तिकडचं गिऱ्हाईक पाटी बघतं, पटलं तर घेतं, नाहीतर पुढे जातं.

क्लासमध्ये मी हेच सांगते. तुमचा माल कितीही चवदार असू दे. पाकिटावर वजन, तारीख, किंमत आणि एफएसएसएआय नंबर नसेल, तर अनोळखी माणूस तो उचलणार नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तुम्ही सांगता. अनोळखी गिऱ्हाइकाला पाकीट सांगतं.

३) गल्ल्यावर कोणीच नाही

शहराबाहेर रस्त्याच्या कडेला फुलांची शेतं आहेत. हवी तेवढी फुलं स्वतः कापायची, बोर्डावरच्या भावाने हिशोब करायचा आणि पैसे लोखंडी पेटीत टाकायचे. बघायला कोणी नाही. शेजारच्या आजींना मी विचारलं, "पैसे बुडत नाहीत?" त्या म्हणाल्या, "थोडे बुडतात. पण दिवसभर माणूस बसवायचा खर्च त्याहून मोठा."

बघा, आपल्याला वाटतं हा सगळा प्रामाणिकपणाचा मामला आहे. त्यात हिशोबही आहे. विश्वास टाकायचा, पण तो किती रुपयांपर्यंत परवडतो हे आधी ठरवायचं. आपल्या उधारीच्या वहीला हीच मर्यादा हवी.

४) बाटली परत, गिऱ्हाईक परत

एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर किंवा कॅनवर २५ सेंट डिपॉझिट घेतात. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते आणि ती तिथल्याच बिलात वळती करता येते. म्हणजे बाटली परत करायला आलेला माणूस सहसा खरेदी करूनच जातो. मी पेणला मसाल्याच्या काचेच्या बरणीवर हे सुरू केलंय. बरणी परत आणली की पुढच्या खरेदीत दहा रुपये कमी.

५) केरवॉखे

स्टुटगार्टच्या बाजूला ही खास पद्धत आहे. 'वॉखे' म्हणजे आठवडा, आणि 'केर' आपल्या केर काढण्यासारखाच! इमारतीतल्या घरांनी आळीपाळीने जिना झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. सेक्रेटरीला ओरडावं लागत नाही, पाटी हललेली सगळ्यांना दिसते. बचत गटात "हे काम कोणाचं?" यावरून भांडणं होतात ना? तिथे अशी फिरती पाटी लावून बघा.

आपल्याकडे काय जास्त आहे?

अकरा आठवड्यांत एकाही दुकानदाराने मला "कशा आहात?" यापुढे काही विचारलं नाही. पेणला एखाद्या काकू पंधरा दिवस दिसल्या नाहीत, तर आपण कोणाकडून तरी चौकशी करतो. हे नातं आपलं भांडवल आहे, ते सोडायचं नाही.

परदेशाकडे बघताना दोन टोकं असतात. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेल्या. नंतर पती गोपाळराव तिकडे पोचले. हे जोडपं आधी काही काळ आपल्या अलिबागला राहिलेलं. गोपाळरावांनी तिकडे भाषणं देऊन अमेरिकन समाजावर कडक टीका केली. आनंदीबाईंनी आपला पोशाख आणि आहार सांभाळला, ज्यासाठी गेल्या होत्या ते शिकून घेतलं आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. नुसती नावं ठेवायची नाहीत आणि "तिकडे सगळंच भारी" असंही नाही. आपल्या कामाचं तेवढं उचलायचं.

मग दुकान कोणी चालवलं?

सासूबाई आणि दुकानातल्या ताईंनी. निघण्याआधी मी दोन वह्या केल्या. एकीत माल कुठून, कधी, काय भावाने घ्यायचा. दुसरीत नेहमीची गिऱ्हाइकं, त्यांच्या आवडी आणि उधारीची मर्यादा. रोज रात्री गल्ल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. विक्री थोडी कमी झाली, पण उधारी वाढली नाही आणि एकही नेहमीचं गिऱ्हाईक तुटलं नाही.

शेवटी ठरलं असं: दुकान राहणार. पावसाळ्यात मी तिकडे, गणपतीला तो इकडे. हे सोपं नाही. विमानतळावर निघताना दोघंही गप्प होतो, आणि दोन वर्षांनी हा विषय पुन्हा निघेलच. पण आता "दुकान आहे म्हणून येता येत नाही" असं मला म्हणावं लागत नाही. दुकान माझ्याशिवाय चालतं, म्हणून निर्णय माझ्या हातात आहे.

तुमचा गृहपाठ: उद्यापासून पंधरा दिवस दुकानाला यायचं नाही असं समजा. मागे राहणाऱ्या माणसाला काय काय विचारावं लागेल, ते एका वहीत लिहा आणि एक दिवस खरंच घरी थांबा. ताईंचा पहिला फोन कशासाठी आला, ते मला कळवा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.