दाब धरून बावीस मिनिटं

पहाटे ५.१५
सुरुवात पाण्यापासून. एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. आरओ प्लांट सुरू करून क्लोरीन तपासल्याशिवाय मी एकही मशीन जोडत नाही.

६.००
पहिली शिफ्ट. तीन नंबरच्या खाटेवर काका. अडीच किलो पाणी चढलंय. मग नाडी. बाकीच्यांची अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली तरी भागतं; काकांची पूर्ण मिनिटभर मोजावी लागते. दोन ठोके लगबगीने येतात, मग एक येता येता राहतो. हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. रक्त तिथल्या कोपऱ्यात साचलं की गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. म्हणून दिवाळीपासून त्यांना रक्त पातळ करणारं अपिक्साबान सुरू आहे, सकाळ-संध्याकाळ.

फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी तयार केलेल्या नसेवर, बोटं टेकवली. आत भुंगा गुणगुणल्यासारखी थरथर लागली, म्हणजे नस चालू आहे. दोन सुया टोचल्या. रक्त नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून एरवी आम्ही हेपरिन देतो. काकांच्या कागदावर मात्र डॉक्टरांनी ‘हेपरिन नको’ लिहिलंय. मग दर अर्ध्या तासाला सलाइनने नळ्या धुवायच्या आणि फिल्टरमध्ये काळ्या रेघा दिसतायत का, ते बघत राहायचं.

८.३०
डॉक्टरांचा राउंड. पाच नंबरच्या बाई वॉरफॅरिनवर आहेत, त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ३.८ आला. दोन ते तीनच्या मध्ये हवा. विचारलं तर कळलं, पोटॅशियमच्या धास्तीने त्यांनी मेथी-पालक पार बंद केलाय. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के एकदम कमी झालं की ही गोळी जास्त चढते. डोस आज बदलला.

काकांच्या मुलाने विचारलं, “डॉक्टर, नक्की कुठली गोळी बरी?” डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. अपिक्साबानची २०११ची मोठी चाचणी अठरा हजारांहून जास्त रुग्णांवर झाली, पण त्यात डायलिसिसवाले घेतलेच नव्हते. पुढे खास त्यांच्यासाठी झालेल्या चाचण्यांत अमेरिकेत १५४ आणि जर्मनीत ९७ माणसं. एवढ्यावर निकाल लागत नाही. वॉरफॅरिनने रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठण्याची भीती वाढते. अपिक्साबानचा पाव हिस्साच किडनीवाटे जातो, म्हणून डॉक्टरांचा कल तिकडे. पण किडनी बंद पडलेल्यांच्या प्लेटलेट मुळातच नीट चिकटत नाहीत. गुठळीही या माणसांना, रक्तस्रावही यांनाच. मला हे ऐकताना दर वेळी पोटात कालवतं. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच चाचणीतून वगळलं.

१०.३०
सुया काढायची वेळ. मला विचाराल तर दिवसभरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. घडी केलेलं गॉज छिद्रावर ठेवायचं आणि दोन बोटांनी दाबायचं. दाब रक्त थांबेल इतका, पण फिस्टुलाची थरथर बोटाला लागत राहील इतकाच. जोर जास्त झाला तर नसच बंद पडते. घाईने उचलून बघायचंही नाही.

काकांचं एरवी दहा मिनिटांत थांबतं. आज दहाव्या मिनिटाला गॉज भिजलं. पंधराव्यालाही लाल ठिपका पसरला. थांबायला बावीस मिनिटं लागली.

“काका, नवीन काही घेतलंत?”
“छे रे.”
काकू मागून म्हणाल्या, “अहो, गुडघ्याची नाही का घेतली? दुकानातून आणलेली?”
चार दिवस, रोज दोन. बऱ्याच वेदनाशामक गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे दुकानात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी डायलिसिसचं सांगितलंही नसेल. मी वहीत लिहिलं: “२२ मि., वेदनाशामक ४ दिवस”, आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हिमोग्लोबिन पाठवायला सांगितलं. शौचाला काळं होतं का, तेही विचारायला लावलं. नव्हतं होत.

दुपारी १२ ते ५
दुसरी शिफ्ट. विशेष काही नाही.

७.१०
काकूंचा फोन. पट्टी कोरडी आहे, पण संध्याकाळची गोळी द्यायला हात धजत नाही. ठरवणारा मी नव्हे. डॉक्टरांना विचारून परत लावतो म्हणालो. हिमोग्लोबिन मागच्याइतकंच होतं. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा. मी परत फोन लावला.

“काकू, रक्त पातळ करायची द्या. गुडघ्याची तेवढी माझ्याकडे घेऊन या, गुरुवारी.”