बाटलीच्या तळाचा साका

"या वेळची बिघडली वाटतं!"

हातातला ग्लास दिव्यासमोर धरून माझा एक मित्र म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी चार ग्लास दिव्याकडे वळले. घरी केलेली बियर पाहुण्यांपुढे ठेवण्याची ती माझी दुसरीच वेळ. त्या बाटलीतला पहिला ग्लास छान मधाच्या रंगाचा निघाला होता, दुसरा मात्र पावसाळ्यातल्या कृष्णामाईसारखा. पाहुणचारात हात आखडता कशाला, म्हणून मी बाटली पार उलटी करून थेंबन् थेंब ओतला होता. तो दुसरा ग्लास ज्याच्या वाट्याला आला त्याचा सकाळी फोन आला. रात्रभर पोटात तबला वाजत होता म्हणे!

त्यानंतर आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांत हा उद्योग सुरू झाला आहे, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. "बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, त्याचं काय करायचं?" उत्तर एका वाक्यात देता येईल. बाटली उभी ठेवा, गार करा, अलगद ओता आणि तळचं अर्धा इंच सोडून द्या. पण हा साका कधी कधी आपल्याला काही सांगत असतो आणि ते न ऐकल्यास काय होतं, हे मी एका रात्री शिकलो. हा लेख त्यासाठी.

आधी हे सांगतो की यात बेकायदेशीर काही नाही. अमेरिकेत घरगुती बियरला केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली ती अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या विधेयकाने. दोन प्रौढ माणसांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते. विकता मात्र येत नाही. (२०० गॅलन संपवणारं घर अजून माझ्या पाहण्यात नाही.)

आता साका म्हणजे काय ते पाहू. बार्लीच्या माल्टचं गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं. तिचा साधारण निम्मा भाग अल्कोहोल होतो आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड. पिंपातला वायू उडून जातो, म्हणून तयार झालेली बियर चवीला सपक लागते, तिला फेस नसतो. बाटल्या भरताना आपण पुन्हा थोडी साखर घालतो, पाच गॅलनला, म्हणजे १९ लिटरला, सुमारे चार औंस. बियर डोळ्यांना स्वच्छ दिसत असली तरी तिच्या एकेका मिलिलिटरमध्ये यीस्टच्या लाखो पेशी तरंगत असतात. बूच बसलं की त्या ही नवी साखर खातात. आता वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो बियरमध्येच विरघळतो. काम संपलं की पेशी तळाशी जाऊन झोपतात. तो आपला साका.

म्हणजे तो मळ नव्हे. ज्यांनी फेस आणला तेच मजूर काम आटोपून खाली बसलेले आहेत. त्यांना आधीच पूर्ण गाळून काढलं तर फेस येणार नाही. कारखान्यांतून बियर गाळतात आणि मग वायू बाहेरून भरतात. घरीसुद्धा लहान पिंप आणि वायूचं सिलिंडर घेतलं तर तसं करता येतं. शॅम्पेनवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. ते बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, साका बुचापाशी जमवतात, बाटलीची मान गोठवतात आणि बूच काढून तेवढा गोळा उडवून देतात. उलट जर्मनीच्या गव्हाच्या बियरमध्ये साका मुद्दाम हलवून ग्लासात घेतात, आणि तिथे त्याला कोणी नावं ठेवत नाही. यीस्टमध्ये 'ब' जीवनसत्त्वंही असतात. फक्त भसकन पोटात गेलं तर काय होतं ते माझ्या मित्राला विचारा.

तेव्हा पातळ साका असणारच. नेहमी तो रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीचा असतो. जाड दिसला की थांबायचं. मी थांबलो नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. एका मित्राच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बियर माझ्याकडून, असं मीच जाहीर करून बसलो होतो. पिंपातले बुडबुडे सातव्या दिवशी थांबल्यासारखे दिसले. बियर गढूळच होती, पण तारीख जवळ आलेली. मोजमाप करणारं हायड्रोमीटर खणात होतं, ते काढायचा कंटाळा केला आणि बाटल्या भरून गॅरेजमध्ये खोक्यांत ठेवल्या. दहा दिवसांनी पाहिलं तर तळाशी चांगला जाड थर. डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली आणि पोट सॉफ्टवेअरवर. तेव्हा मी काय केलं असेल? बारीक जाळीची गाळणी कुठे मिळते याचा शोध सुरू केला! दिसायला वाईट आहे ना, मग दिसणं सुधारा.

त्याच आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास गॅरेजमधून गोळी सुटल्यासारखा आवाज आला. पाठोपाठ आणखी तीन. एक बाटली फुटली होती आणि तिच्या दणक्याने शेजारच्या. काचेचा एक तुकडा भिंतीत रुतला होता, दुसरा आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या सायकलच्या सीटमध्ये. ती सायकल तिने त्याच संध्याकाळी पाच वाजता त्या खोक्यांपाशी उभी केली होती.

सौ. काही बोलली नाही. सीटमधला तुकडा तिने काढला आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

बाकीच्या बाटल्यांवर मी जाड गोधड्या टाकल्या आणि गॅरेजचं दार रात्रभर उघडं ठेवलं. इथल्या मिशिगनच्या थंडीचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला, कारण गार झाल्यावर आतला दाब उतरतो. सकाळी जाड जाकीट, कातडी हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून एकेक बूच उघडलं आणि सगळी बियर मोरीत ओतली.

चूक कुठे झाली? हायड्रोमीटर म्हणजे दुधात पाणी किती हे पाहायच्या लॅक्टोमीटरचा भाऊ. पाण्याचा आकडा १.०००. गोड माल्टपाण्याचा साधारण १.०५० असतो, आणि साखर खाऊन संपली की तो १.०१२ च्या आसपास येऊन थांबतो. समजा, आपण १.०१८ लाच बाटल्या भरल्या. प्रत्येक ०.००१ घसरणीमागे बियरच्या घनफळाच्या सुमारे निम्मा वायू तयार होतो. म्हणजे सहा अंशांचा तीन पट वायू, त्यात आधीच विरघळलेला आणि आपण घातलेल्या साखरेचा मिळून अडीच पट. साध्या बाटलीला तीन-साडेतीन पटींच्या पुढे नेणं धोक्याचं, इथे साडेपाच होतात! पिंपातली साखर संपली नव्हती म्हणून यीस्ट अजून तरंगत होतं, म्हणून बियर गढूळ होती, आणि म्हणूनच बाटलीत साका जाड झाला. साका मला हेच सांगत होता आणि मी त्याला गाळायला निघालो होतो.

माझे वडील त्या वेळी आमच्याकडे आले होते. सांगलीला पाणीपुरवठ्यात त्यांचा सगळा जन्म गेला. बियरला ते शिवत नाहीत, पण गढूळ आणि निवळ हा त्यांचा विषय. सगळी हकिगत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "भरायच्या आधी काटा पाहिला होतास का?"

मग त्यांनीच मला निवळण्याचं शास्त्र समजावलं. ते मी कॉलेजात स्टोक्सचा नियम म्हणून १८५१ सालच्या तारखेसकट पाठ केलं होतं आणि विसरलो होतो. कणाचा व्यास दुप्पट झाला की तो चौपट वेगाने खाली बसतो. यीस्टची सुटी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, तिला खाली यायला दिवस लागतात. पेशींचे पुंजके झाले की भराभर बसतात. पुराच्या पाण्यात तुरटी फिरवली की हेच होतं. बियरमध्ये उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ घालतात. ते प्रथिनांना एकत्र आणून खाली बसवतं. जिलेटिन आणि माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास हे पदार्थ यीस्टलाही ओढून घेतात, पण ते शाकाहारी नाहीत. पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतील तर त्यांना तसं सांगायला हवं. मी शेवाळावरच भागवतो.

माझी आताची रीत अशी आहे. किमान दोन आठवडे पिंपाला हात लावायचा नाही. मग दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजायचं. आकडा अपेक्षित जागी आला असेल आणि दोन्ही वेळा तोच असेल, तरच पुढचं पाऊल. मग पिंप दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये, ३५ अंश फॅरनहाइटच्या आसपास. थंडीत यीस्ट झपाट्याने खाली बसतं, तरी फेस आणण्यापुरतं वर उरतंच. सायफनची नळी तळाच्या गाळापासून वर धरायची आणि शेवटची वाटीभर बियर खुशाल टाकून द्यायची. लोभ केला की गाळ आलाच. साखर तोलून, थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बियरमध्ये सारखी मिसळायची. बाटलीत चमच्याने घातली तर एकीत कमी, एकीत जास्त होते. बाटल्या जाड काचेच्या आणि ओपनरने उघडायच्या घ्याव्या, फिरकीच्या झाकणाच्या नव्हेत. भरल्यावर त्या झाकणाच्या भक्कम प्लास्टिकच्या पेटीत उभ्या ठेवायच्या, मुलांच्या वाटेपासून दूर. ७० अंशांत दोन आठवडे आणि नंतर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये, तेही उभ्याच.

ओतताना ग्लास तिरका धरायचा आणि एका दमात, मध्ये बाटली सरळ न करता ओतायचं. सरळ केली की साका उठतो. दोन ग्लास भरायचे असतील तर ते शेजारी ठेवून एकाच ओघात भरावेत. पांढुरकी रेघ मानेकडे सरकताना दिसली की थांबायचं. रिकामी बाटली लगेच विसळायची. साका वाळला की तो ब्रशालाही दाद देत नाही.

वडिलांनी परत जाण्यापूर्वी मला एका वहीत रकाने आखून दिले. तारीख, वेळ, तापमान, काटा, आणि शेवटी सही. "दोन सारखे आकडे आणि सही असल्याशिवाय पाणी सोडायचं नाही," असं ते म्हणाले. बियरला ते अजूनही पाणीच म्हणतात. सहीचा रकाना सौ.ने स्वतःकडे घेतला आहे. गेल्या महिन्यात आकड्यांत ०.००२ चा फरक होता, तर तिने सही केली नाही. पाहुण्यांना त्या शनिवारी लिंबाचं सरबत मिळालं.