एका वाक्याचा विनोद आणि पडदा

सोंगाड्या रंगात आला म्हणजे काय करतो, हे आपण जत्रेत पाहिलेलंच आहे. एक वाक्य टाकतो आणि थांबतो. हशा ओसरू लागला, की दुसरं टाकतो. त्या थांबण्यातच त्याचं सगळं कसब असतं. आता असं समजा, की समोरच्या मंडळींना कुणी ताकीद दिली आहे : तोंडातून आवाज काढायचा नाही. मग त्या बिचाऱ्यानं काय करावं?

रॉडनी डेंजरफील्ड या अमेरिकन विनोदकारावर असाच प्रसंग आला. हा १९२१ साली जन्मला. खरं नाव जेकब कोहेन. तरुणपणी रंगमंचावर विनोद सांगून पोट भरेना, म्हणून तो घरांच्या भिंतींना लावायचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे विकू लागला. चाळिशीच्या सुमारास परतला आणि १९६७ साली एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमानं त्याला नाव मिळवून दिलं. लाल टाय ओढत, डोळे वटारत तो गाऱ्हाणं मांडी, की मला कुणी मान देत नाही. बायको नाही, डॉक्टर नाही, बापसुद्धा नाही! एकेक विनोद एका-दोन वाक्यांचा.

साठीच्या उंबरठ्यावर त्याला 'कॅडीशॅक' (१९८०) या चित्रपटात काम मिळालं. चित्रण चालू असताना कुणी हसेना. आपण साफ पडलो, असं त्याला वाटू लागलं. वस्तुतः ध्वनिमुद्रण चालू असतं, हशा मुद्रित झाला तर ते दृश्य फुकट जातं, म्हणून सगळे ओठ आवळून उभे राहतात!

मग हशाची जागा कशानं भरायची? समोरच्या पात्राच्या चेहऱ्यानं. रंगमंचावर डेंजरफील्डच्या विनोदाचं लक्ष्य तो स्वतः असे. इथं तो झाला पैसेवाला बांधकाम ठेकेदार, आणि बाण सुटू लागले गोल्फ क्लबातल्या तालेवार मंडळींवर. वाक्य तेच, एका ओळीचं. पण आता त्या न्यायाधीशमहाशयांचा संतापलेला चेहरा पाहून आपण हसतो. माझ्या मते त्याच्या पडद्यावरील यशाचं मर्म इथं आहे.

शिक्षकमंडळींनी त्याचा 'बॅक टु स्कूल' (१९८६) अवश्य पाहावा. त्यात एक श्रीमंत बाप मुलाबरोबर कॉलेजात नाव घालतो. प्राध्यापक कारखाना कसा उभारावा ते शिकवतात, तर हा लाचेचा खर्च कुठं धरलात म्हणून विचारतो. साहित्यावरचा निबंध तो खुद्द कर्ट व्हॉनेगट या लेखकाकडून, त्याच्याच पुस्तकांवर, लिहवून घेतो. आणि बाई सांगतात, की लिहिणाऱ्याला व्हॉनेगट मुळीच कळलेला नाही! आम्हां प्राध्यापकांची ही टिंगल खरी, पण हसू आवरत नाही. या चित्रपटानं अमेरिकेत ९ कोटी डॉलर्सच्या वर गल्ला जमवला.

पुढचे काही चित्रपट सामान्य निघाले. पण १९९४ साली ऑलिव्हर स्टोन यांनी 'नॅचरल बॉर्न किलर्स'मध्ये त्याला मुलीचा छळ करणाऱ्या नराधम बापाचं काम दिलं. तो भाग दूरचित्रवाणीवरील घरगुती विनोदी मालिकेसारखा रचला असून, बापाच्या प्रत्येक ओंगळ वाक्यामागं मुद्रित हशा मुद्दाम जोडला आहे. वाक्यं टाकण्याची ढब जुनीच. हशा पिकतो, आणि पाहणाऱ्याचं अंग शहारतं.

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनं त्याचा सभासदत्वाचा अर्ज नाकारला. चाहते चिडले, अकादमीनं फेरविचार केला. तेव्हा यानंच नको म्हटलं. २००४ साली तो वारला. त्याचा पांढरा सदरा आणि लाल टाय स्मिथसोनियन या राष्ट्रीय वस्तुसंग्रहात जपून ठेवला आहे.