संप्रेरकाचा निरोप

ग्लासगो येथील जॉर्ज बीटसन या शस्त्रवैद्यानें इ. स. १८९६ मध्यें एक विलक्षण अनुभव प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका स्त्रीचे अंडाशय त्यानें काढून टाकले आणि पुढें कांहीं महिन्यांत तिच्या गांठी जिरून गेल्या. अंडाशय कोठें आणि स्तन कोठें! या दोहोंना जोडणारें इस्ट्रोजेन नामक संप्रेरक तेव्हां अज्ञात होतें.

हें संप्रेरक रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतें. मग त्याची आज्ञा ठराविक अवयवच कां मानतात? नभोवाणीच्या लहरी सर्वच घरांवरून जातात, परंतु गाणें ऐकूं येतें तें यंत्र असलेल्या घरींच. शिकागो विद्यापीठांतील एल्वुड जेन्सन यांनीं १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण असलेलें इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचून पाहिलें. स्नायूंनीं तें सोडून दिलें. गर्भाशयानें मात्र जसेंच्या तसें धरून ठेवलें. तें धरून ठेवणारें प्रथिन म्हणजेच ‘ग्राही’.

शरीरांतील बहुतेक पेशींच्या केंद्रकांत जनुकांचा सारखाच ग्रंथ असतो. प्रत्येक पेशी त्यांतील निवडक पानेंच वाचते. इस्ट्रोजेन चिकटलें कीं ग्राहीचा आकार पालटतो. असे दोन ग्राही जोडीनें डीएनएवरील ठराविक जागीं बसतात, साहाय्यक प्रथिनांना बोलावून घेतात आणि जवळच्या जनुकाची आरएनएरूपी नक्कल निघूं लागते. यासच प्रतिलेखन म्हणतात. पेशींची वाढ व विभाजन अशा नकलांवरच अवलंबून असतें.

वृद्धिकारकांची रीत निराळी. तीं प्रथिनें असल्यानें त्यांना पेशीचें वेष्टन ओलांडतां येत नाहीं. त्यांचे ग्राही दारावरच उभे असतात आणि निरोप आंतील प्रथिनांच्या हातोहात केंद्रकापर्यंत पोंचतो. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकीं सुमारें पंधरा ते वीसांत ‘हर-२’ हा दारावरील ग्राही अतोनात वाढलेला असतो. कोणी न ठोठावतांही दार वाजत राहतें.

या ज्ञानावर आज अनेकींचें आयुष्य अवलंबून आहे. अमेरिकेंत १९७७ मध्यें मान्यता मिळालेलें टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींतील इस्ट्रोजेनची जागा अडवितें. १९९८ मध्यें मान्य झालेलें ट्रॅस्टुझुमॅब ‘हर-२’ला आवरतें. परंतु ज्या गांठींत ग्राहीच नाहीं, तेथें त्यावरील औषध व्यर्थ. म्हणूनच उपचार ठरविण्यापूर्वीं गांठीचा तुकडा तपासून ग्राही पाहिले जातात. बीटसनला निरोप पाठविणारा अवयवच काढावा लागला. आतां पुष्कळदां निरोप ऐकणारें यंत्र बंद करूनही भागतें.